बक्षीस लंडनचं, दगड जेजुरीचे

लंडनच्या कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटने १९७२ साली कवितेसाठी एक पारितोषिक सुरू केलं. ब्रिटन वगळून कॉमनवेल्थमधल्या कुठल्याही देशातल्या कवीचा इंग्रजीतला पहिला संग्रह त्यासाठी पात्र ठरे. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत नायजेरियाचे चिनुआ अचेबे होते. पुढे मलेशियाच्या शर्ली लिम (१९८०), गयानाच्या ग्रेस निकोल्स (१९८३) अशी नावं येत गेली. १९७७ सालचं पारितोषिक मिळालं अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला.

‘पहिला संग्रह’ म्हटलं की डोळ्यांपुढे विशीतला पोरगा येतो. कोलटकर तेव्हा पंचेचाळिशीला टेकले होते. मराठीत आणि इंग्रजीत त्यांचं लिहिणं दोन दशकांहून जुनं होतं, पण ते लघुनियतकालिकांच्या पानांत विखुरलेलं. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रहसुद्धा त्याच १९७७ सालचा. पोटापाण्याचा धंदा जाहिरातीचा. ग्राफिक डिझायनर म्हणून त्या जगात त्यांचं नाव मोठं होतं. ‘जेजुरी’ची पूर्ण मालिका १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त आली आणि १९७६ मध्ये तिचं पुस्तक झालं. ते काढलं ‘क्लिअरिंग हाउस’ने, म्हणजे आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गिव्ह पटेल आणि खुद्द कोलटकर या चार कवींनी मिळून उभ्या केलेल्या प्रकाशनाने. चार मित्रांनी स्वतः छापलेलं हे छोटं पुस्तक, आणि त्यात खंडोबा, वाघ्या, मुरळी, पुजाऱ्याचं पोरगं, एक कुत्री आणि तिची पिल्लं.

हे सगळं मी पिंपळनेरात बसून लिहितो आहे, म्हणून इथून ते पुस्तक कसं दिसतं तेवढंच सांगायचं आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पांझरेच्या काठावर आमचं गाव. जेजुरी इथून फार लांब, पण खंडेराव लांब नाही. कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यात त्याचा टाक आहे. चंपाषष्ठीला तळी उचलतात, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो, चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटतं, आणि भरीत-भाकरीच्या नैवेद्यातला घास कुत्र्यालाही घालतात, कारण कुत्रा हे खंडेरावाचं जनावर. त्याच मार्गशीर्षात वरच्या पट्ट्यातल्या कोकणी आणि भिल्ल पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालतो. उपास, नेमधर्म, रात्र रात्र पावरीच्या सुरावर नाच. आणि देव कोण, तर समोरचा डोंगर. त्याला मूर्ती लागत नाही, कळस लागत नाही. लहान पोरं मोठ्यांना विचारतातच, “हाऊ दगड शे का देव शे?” मोठी माणसं हसतात आणि उत्तर देत नाहीत.

कोलटकरांचं अख्खं पुस्तक या प्रश्नावर उभं आहे, आणि तेही उत्तर देत नाही. ‘अ स्क्रॅच’ या कवितेत देव आणि धोंडा यांच्यातली रेघ इतकी पुसट होऊन जाते की कुठलाही खडक खरवडला तर खालून दंतकथा निघावी. तिथे देवांबद्दलची भाषा शेतमालाची आहे, बारमाही निघणाऱ्या पिकाची. शहरी वाचक इथे उपहास ऐकतो. कांदा आणि ऊस पिकवणाऱ्या गावात ही कविता वाचली तर ती साधी वस्तुस्थिती वाटते. खडकाळ, कोरड्या जमिनीतून दुसरं काही निघत नसेल तर देव तरी निघतो, आणि त्यावर माणसं जगतात. यात टिंगल कमी आहे, हिशोब जास्त.

या पुस्तकावरचा सगळ्यात कडक आक्षेप खानदेशातूनच आला, हेही इथे बसून विसरता येत नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे धुळ्यात शिकवत होते, पुढे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत मराठी शिकवून आले. लघुनियतकालिकांच्या दिवसांत ते आणि कोलटकर एकाच गोटातले. त्याच नेमाड्यांनी १९८५ साली भारतीयांच्या इंग्रजी लेखनाविरुद्ध एक निबंध लिहिला, तोही इंग्रजीतच, आणि त्यात ‘जेजुरी’ला धारेवर धरलं. कोलटकर तिथे शनिवार-रविवारच्या पर्यटकासारखे गेले आणि परत आले, असा त्या टीकेचा रोख होता. खंडोबा ज्यांच्या घरात आहे त्यांची जेजुरी या पुस्तकात नाही.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लग्न झालं की जोडपं जेजुरीला जातं, नवरा नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढतो, वर भंडारा उधळला जातो. महाराष्ट्रातल्या लाखो घरांची जेजुरी ही अशी आहे, आणि तिला या पुस्तकात जागा नाही. वर्षभर पैसा बाजूला टाकून नवस फेडायला आलेलं कुटुंब नाही. धनगर नाहीत. वाघ्या आणि मुरळी यांना एकेक गाणं मिळालं आहे. वाघ्या आपल्या एकतारी वाद्यासकट दिव्यासाठी तेल मागत उभा आहे, पण ही गाणी पुस्तकात जरा पाहुण्यासारखी वाटतात. मला तरी ती दोन्ही या मालिकेतली कच्ची जागा वाटते. कवी तिथे दुसऱ्याच्या गळ्यातून गायला जातो आणि त्याचा स्वतःचा कोरडा आवाज हरवतो.

पण नेमाड्यांनी जो दोष म्हणून दाखवला तोच या पुस्तकाचा घाट आहे, आणि कोलटकरांनी तो लपवलेला नाही. पहिलीच कविता एसटी बसची. खिडक्यांवर ताडपत्री, बाहेर काळोख, गार वारा. समोरच्या बाकावर कपाळावर गंध लावलेला म्हातारा, आणि त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत प्रवाशाला स्वतःचा चेहरा दिसतो, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. गंध आणि चष्मा यांच्या पलीकडे, त्या डोक्यात काय आहे, हे प्रवाशाला कळत नाही. कविता संपते तेव्हा सगळे उतरतात, तोही उतरतो, पण म्हाताऱ्याच्या डोक्यात त्याचं पाऊल पडत नाही. यात्रेकरूची जेजुरी त्या डोक्यात आहे आणि मला तिथे वाट नाही, हे कवीने पहिल्या दोन पानांत सांगून टाकलं आहे. पर्यटक म्हणून त्याला नंतर कोणी पकडायची गरजच नाही. हात वर करूनच तो गाडीतून उतरला आहे.

आणि पर्यटकाचं काय होतं ते ‘अॅन ओल्ड वुमन’मध्ये बघावं. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ही कविता इतकी शिकवली गेली आहे की तिच्यावर गाइडांची साय चढली आहे. आमची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाखाली येतात त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीच्या नावाच्या विद्यापीठात लंडनचं बक्षीस मिळालेला कवी शिकवला जातो, हे मला आवडतं. पण गाइडात ‘म्हातारीचा स्वाभिमान’ असं एक उत्तर छापलेलं असतं आणि कविता तिथेच मरते.

कवितेत घडतं ते वेगळं आहे. एक म्हातारी बाहीला धरते आणि मागे लागते. तिला पन्नास पैसे हवेत. त्या बदल्यात घोड्याच्या टापेची खूण असलेलं ठाणं दाखवीन म्हणते. ते त्याने आधीच पाहिलं आहे. ती सोडत नाही. आपण सगळे इथे चिडतो, कविताही चिडलेली आहे. ओळी तुटक, जणू चालता चालता झटकून टाकलेल्या. तो एकदाचा तोडून टाकायला वळतो. मग म्हातारी फक्त एक वाक्य बोलते, या उजाड टेकड्यांवर म्हाताऱ्या बाईने दुसरं करायचं तरी काय, अशा अर्थाचं. आता तो तिच्याकडे नीट बघतो आणि तिच्या डोळ्यांच्या जागी त्याला आरपार आभाळ दिसतं. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या कातडीबाहेर पसरतात. टेकड्यांना तडे जातात, देवळांना जातात, आभाळ काचेसारखं खळकन फुटतं, आणि ती बाई तेवढी अखंड उभी राहते.

मग हिशोब उलटतो. सुटे पैसे द्यायला निघालेला माणूसच तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो. पर्यटकावर याहून कडक टीका नेमाड्यांनीही केलेली नाही. आणि ती करताना कोलटकरांनी एकही मोठा शब्द वापरला नाही. करुणा नाही, शोषण नाही, गरिबी हा शब्द नाही. नाणं कवितेच्या सुरुवातीला येतं आणि शेवटी माणसाचं नाणं होतं, एवढीच रचना. जाहिरातीच्या धंद्यात कमी शब्दांत काम भागवायची जी सवय लागते तिचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

लंडनच्या परीक्षकांनी या कवितांत काय पाहिलं असेल? साधं, बोलतं इंग्रजी बहुधा, आणि देवळांच्या देशात फिरणारा, भारावून न जाणारा माणूस. त्या दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेतच. पण काही जागा अशा आहेत की तिथे खंडोबाच्या मुलखातल्या वाचकाला जास्त ऐकू येतं.

‘हार्ट ऑफ रुइन’ घ्या. मारुतीच्या देवळाचं छप्पर मारुतीच्याच डोक्यावर कोसळलं आहे. कुणालाच त्याचं काही वाटत नाही, मारुतीला तर नाहीच. त्या पडझडीत एका गावठी कुत्रीने पिल्लं घातली आहेत. ती येणाऱ्याकडे सावध नजरेने बघते. काळ्या कानांचं एक पिल्लू जरा पुढे जातं, त्याच्या पायाखाली कौल खटकन वाजतं, आणि त्या आवाजाने दचकलेला शेणकिडा तुटक्या दानपेटीच्या आडोशाला पळतो. इथे पूजा होत नाही, म्हणूनच हे घर देवाचं, अशा तिरकस निवाड्यावर कविता थांबते.

बाहेरच्या वाचकाला हे विटंबनेचं चित्र वाटेल: धर्म ढासळला आणि देवळात कुत्री नांदू लागली. पण ज्या देवाच्या नावाने नैवेद्यातला घास कुत्र्याला पडतो त्याच्या गावात कुत्री देवळात व्याली तर विटाळ कसला? मारुतीच्या देवळात खंडोबाचं जनावर पोटुशी राहून आलं आणि त्याला आसरा मिळाला. कोलटकर हे कुठेही समजावून सांगत नाहीत. तळटीप नाही, शब्दसूची नाही. ज्याला कळेल त्याला कळेल. आमच्याच तालुक्यात बळसाण्याला मध्ययुगीन देवळांचे अवशेष आहेत. पडक्या देवळात सावलीला बसलेलं कुत्रं कुणी हाकलत नाही, आणि त्यामागे काही सिद्धान्त आहे असंही कुणाला वाटत नाही. ही न हाकलण्याची वृत्तीच कवितेत आली आहे. कुत्री, पिल्लू, किडा, देव, सगळ्यांना कवीने सारख्या बारकाईने पाहिलं आहे. पाहण्यात डावं-उजवं नसणं, हा माझ्या मते या पुस्तकाचा सगळ्यात मोठा गुण.

या पाहण्यातून दारं, पायऱ्या आणि नळसुद्धा सुटत नाहीत. जोत्यावरची पायरी वाटते ती आडवा पडलेला खांब निघते. एका बिजागरीवर लटकलेलं जुनं दार क्रूसावरच्या प्रेषितासारखं, हुतात्म्यासारखं दिसतं. ते केव्हाच निघून गेलं असतं, पण त्याच्या खांद्यावर कुणीतरी अर्धी चड्डी वाळत टाकली आहे. या चड्डीने कविता वाचवली आहे. ती नसती तर क्रूसाची आणि प्रेषिताची उपमा जड झाली असती, आणि इंग्रजी कवितेच्या वर्गात टाळ्या घेणारी झाली असती. पेशव्यांनी बांधलेल्या मोठ्या तलावात पाण्याऐवजी गाळ आहे. मनोहर एका दारातून आत डोकावतो, तर आणखी एक देऊळ समजून पाहिलेला तो गोठा निघतो. वासरू त्याच्याकडे बघतं. हा मनोहर म्हणजे कवीचा मित्र मनोहर ओक, आणि ‘मकरंद’मधला मकरंद कवीचा भाऊ. त्यांच्यासोबत कोलटकर साठच्या दशकाच्या सुरुवातीला जेजुरीला गेले होते. मकरंदला शर्ट काढून पूजेला बसायचं नाही. तो अंगणात सिगारेट ओढत थांबतो. श्रद्धेचा कुठलाही वाद न घालता माणूस बाहेर थांबू शकतो, आणि आत जाणाराही त्याच्यावर रागावत नाही. घराघरांत हे चालतं. कवितेत मात्र आपल्याकडे एकतर लोटांगण असतं किंवा मूर्तिभंजन.

दोन कवितांमध्ये पुजारी आणि पाहुणा यांची गाठ पडते, त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. ‘अ लो टेम्पल’मध्ये अंधाऱ्या गाभाऱ्यात काडी पेटते, विझते, पुन्हा पेटते. देवी अष्टभुजा आहे असं पुजारी म्हणतो; पाहुणा मोजतो तर हात अठरा. पुजारी तरीही आठच म्हणतो. पाहुणा बाहेर येतो आणि चारमिनार पेटवतो. ‘द ब्लू हॉर्स’मध्ये बोळकं झालेली गायिका देवाच्या निळ्या घोड्याचं गाणं म्हणते आणि भिंतीवरच्या तसबिरीत घोडा पांढरा आहे. विचारलं तर पुजारी म्हणतो, मला तर निळा दिसतो. पाहुण्याचं मोजणं बरोबर आहे, डोळेही बरोबर आहेत, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. सुधारक कवीने इथे पुजाऱ्याला हरवलं असतं, भाविक कवीने पाहुण्याला. कोलटकर काडी विझू देतात. पुजाऱ्याबद्दल ते मवाळ आहेत असं मात्र नाही. ‘द प्रीस्ट’मधला पुजारी सकाळी बसची वाट बघत आज ताटात पुरणपोळी पडेल का, असा विचार करत बसलेला आहे, आणि शेवटी बस त्याच्यासमोर येऊन गुरगुरते ती मांजरीसारखी, दातांत आयता जिवंत यात्रेकरू धरून.

पुजाऱ्याच्या पोराची कविता मला त्याहून प्रिय. तो पाहुण्यांना टेकड्या दाखवतो: खंडोबाने मारलेले हे पाच राक्षस. खरंच वाटतं का तुला हे, असं विचारल्यावर पोरगा अवघडतो, खांदे उडवतो, नजर फिरवतो, आणि गवतात हललेलं फुलपाखरू दाखवतो. पुढची कविता त्या फुलपाखराची. त्याच्यामागे दंतकथा नाही, भूतकाळ नाही, उद्याही नाही. टेकड्यांच्या जडपणात एक पिवळी उघडझाप. पोराने प्रश्न टाळला की उत्तर दिलं, हे ठरवायचं काम कवितेने आपल्यावर टाकलं आहे. डोंगऱ्यादेवाच्या मुलखात वाढलेल्याला त्या पोराचं अवघडणं ओळखीचं आहे. शाळेत भूगोल शिकलेला आणि घरी डोंगराला हात जोडणारा पोरगा दोन्ही खरं मानतो, आणि बाहेरच्या माणसाने विचारलं की त्याला एकदम लाज वाटते. ही लाज इतक्या कमी ओळींत इंग्रजीत पकडणारा कवी जेजुरीत वरवर फिरला, असं मी तरी म्हणणार नाही.

कोलटकरांनी तुकारामाचे अभंग इंग्रजीत नेले होते, पखवाज शिकले होते, बळवंतबुवा या भजन गाणाऱ्या गृहस्थांशी त्यांची दोस्ती होती आणि ‘चिरीमिरी’ हा कवितासंग्रह त्या दोस्तीतून आला. देवाशी घरच्यासारखं बोलण्याची रीत त्यांना परकी नव्हती. फक्त संतकवी देवाला दारात उभं करून बोलतो आणि हा कवी देवाच्या दारात उभा राहून शिटी वाजवतो. बक्षिसानंतर त्यांनी इंग्रजीतलं दुसरं पुस्तक काढायची कसलीही घाई केली नाही. ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ ही इंग्रजी पुस्तकं आली ती २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. मधल्या सत्तावीस वर्षांत दुसऱ्या कुणी त्या पारितोषिकावर परदेश दौरे केले असते. मराठी ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी मिळाली ती त्यांच्या पश्चात, २००५ मध्ये. मराठीतली ‘जेजुरी’सुद्धा मागाहूनच, अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून आली.

एकतीस कवितांचं हे पुस्तक पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने बसपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह नाही. ‘यशवंतराव’ आधी वाचावा. हा देव मुख्य देवळाच्या कोटाबाहेर बसलेला, दुय्यम दर्जाचा, काळ्या दगडाचा नुसता लोळा. हात नाहीत, पाय नाहीत, डोकं नाही. मोठे देव सोनं मागतात, प्राण मागतात, उपदेश करतात. हा मोडलेलं हाड बसवून देतो आणि स्वतःलाच अवयव नसल्यामुळे तुमचं दुखणं त्याला जरा जास्त कळतं. कवी त्याची शिफारस ओळखीच्या हाडवैद्याची करावी तशी करतो. ही कविता आवडली तर मग शेवटच्या ‘रेल्वे स्टेशन’वर जावं. तिथे पुढची गाडी केव्हा येणार हे स्टेशनमास्तरलाही सांगता येत नाही, आणि विचारणारा हळूहळू नवस बोलायच्या भाषेवर येतो. त्या मधल्या पानावर, देवळं आणि स्टेशन यांच्यामध्ये, ज्वारीच्या शेतात कोंबड्या-कोंबडे उड्या मारताहेत आणि छापलेले शब्दही त्यांच्याबरोबर वर-खाली उडताहेत. ते पान मोठ्याने वाचता येत नाही, पुस्तक हातात धरून बघावंच लागतं.